युद्धाचे देणे मुलांच्या नावे

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ च्या वसंतात संपले. त्या युद्धापोटी द्यावयाच्या निवृत्तिवेतनाचा शेवटचा हप्ता मात्र २०२० साली दिला गेला. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका शुश्रूषागृहात राहणारी नव्वद वर्षांची एक वृद्धा त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस निवर्तली आणि तिच्याबरोबर दरमहा ७३ डॉलर १३ सेंटांचे एक खाते बंद झाले. तिचे वडील त्या युद्धात प्रथम दक्षिणेच्या आणि नंतर उत्तरेच्या बाजूने लढले होते. ती जन्मली तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी होते. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे सैनिकाचे अपत्य म्हणून तिला हे वेतन मिळत असे. युद्ध संपल्यावर तब्बल दीडशेपेक्षा अधिक वर्षे सरकारी खतावणीत त्याचे एक पान उघडे राहिले, याचे जगाला नवल वाटले. वस्तुतः त्यात नवल वाटण्याजोगे फारसे नाही.

युद्धाचा खर्च म्हटला की तोफा, दारूगोळा, जहाजे आणि पडलेली माणसे एवढाच हिशेब डोळ्यांपुढे येतो. हा खर्च युद्धाबरोबर संपतो. त्यामागून येणारे देणे वेगळे असते. १८९३ च्या सुमारास, म्हणजे शस्त्रे खाली ठेवून अठ्ठावीस वर्षे लोटल्यावर, अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या खर्चापैकी जवळजवळ दोन-पंचमांश रक्कम यादवी युद्धातील सैनिक, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्या निवृत्तिवेतनावर जात होती. युद्ध पुकारणारे मुत्सद्दी तोवर बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले होते, आणि कर भरणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्मही युद्धानंतरचा होता. तरीही वहीवर चढलेले हे देणे निदान दिसते तरी. त्याची बेरीज करता येते, त्यावर विधिमंडळात भांडता येते. सैनिकाच्या घरात त्याच्या मुलांच्या नावे जे चढते, त्याची वहीच नसते.

आपल्याकडे पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, त्यापुढे काढलेल्या कर्जांपुरते, हे बंधन उठवले. केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर पुत्र, पौत्र वा प्रपौत्र यांच्यामागे सावकाराला आता लागता येत नाही. पित्याने रणांगणावर वा तुरुंगात जे सोसले, त्याला अर्थातच ही दुरुस्ती लागू होत नाही. ते ऋण पुढच्या पिढीकडे खरोखरच येते काय, येत असेल तर कोणत्या वाटेने येते, आणि ती वाट अडवता येते काय, हे प्रश्न आता केवळ कादंबरीकारांचे राहिलेले नाहीत. त्यांचे एक विलक्षण उत्तर अर्थशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी शोधून काढले, आणि तेही सरकारी कचेऱ्यांतील जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांतून.

अँडरसनव्हिलचे कुंपण

यादवी युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत दोन्ही बाजू पकडलेल्या सैनिकांची अदलाबदल करीत. पकडलेला शिपाई बहुधा थोड्याच अवधीत आपल्या माणसांत परत येई. १८६३ च्या मध्यास ही पद्धत मोडली. कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी म्हणून मान्यता देण्यास दक्षिणेने नकार दिला, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर जो पकडला गेला तो महिनोन्महिने अडकून पडला. या काळातील सर्वांत कुप्रसिद्ध छावणी जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिलची. १८६४ च्या फेब्रुवारीत ती उघडली तेव्हा दहा हजार कैद्यांची सोय डोळ्यांपुढे होती. ऑगस्टमध्ये तिथे तेहतीस हजारांच्या आसपास माणसे कोंडलेली होती. छप्पर नाही, स्वच्छ पाणी नाही. पिण्याचा आणि शौचाचा ओढा एकच. चौदा महिन्यांत सुमारे पंचेचाळीस हजार कैदी तिथे आले आणि त्यांतील जवळपास तेरा हजार तिथेच मेले. अतिसार, आमांश आणि स्कर्व्ही हे तीन यमदूत होते. ताजी भाजी वा फळ पोटात न गेल्याने हिरड्या कुजणे, दात गळणे आणि जुन्या जखमा पुन्हा उघडणे, असा हा स्कर्व्हीचा रोग आहे. छावणीच्या प्रमुखाला युद्धानंतर फाशी देण्यात आली.

जे वाचले ते घरी परतले, त्यांनी शेती केली, लग्ने केली, त्यांना मुले झाली. या मुलांनी छावणी पाहिली नाही, तिथली उपासमारही भोगली नाही. तरीही त्यांचे आयुष्य तिच्यामुळे कमी झाले काय?

हा प्रश्न विचारता आला याचे श्रेय त्या निवृत्तिवेतनाच्या कागदांना आहे. वेतन हवे तर सैनिकाला आपली सेवा, दुखापत, तुरुंगवास, विवाह, मुले यांची कागदोपत्री शाबिती द्यावी लागे. वैद्यकीय मंडळापुढे वारंवार उभे राहावे लागे. कारकुनांनी लिहिलेल्या या नोंदी जपून ठेवल्या गेल्या. पुढे रॉबर्ट फोगेल यांनी उत्तरेच्या सैन्यातील हजारो सैनिकांची आयुष्ये त्यांतून जुळवण्याचा प्रचंड प्रकल्प हाती घेतला. याच फोगेल यांना १९९३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संग्रहावर काम करून डोरा कॉस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या विषयात मैलाच्या दगडासारखे आहेत.

त्यांची युक्ती साधी पण मार्मिक होती. अदलाबदल चालू असताना पकडलेले आणि ती बंद पडल्यावर पकडलेले, असे कैद्यांचे दोन गट त्यांनी पाडले. दोन्ही गटांतील माणसे एकाच प्रकारची होती; कोण कोणत्या महिन्यात शत्रूच्या हाती सापडला, हा केवळ दैवाचा खेळ होता. फरक होता तो यातनेचा. मग या दोन्ही गटांतील आणि मुळीच कैदेत न गेलेल्या सैनिकांच्या, पंचेचाळीस वर्षांपर्यंत जगलेल्या मुलांचा पुढचा हिशेब त्यांनी मांडला. बिनकैदी सैनिकांच्या मुलग्यांत जिथे शंभर मृत्यू व्हावेत, तिथे कठोर कैद भोगलेल्यांच्या युद्धोत्तर मुलग्यांत सुमारे एकशे अकरा झाले. सौम्य काळातील कैद्यांच्या मुलग्यांशी तुलना केली तरी तफावत जवळपास तेवढीच राहिली. मेंदूतील रक्तस्राव हे या जादा मृत्यूंचे एक ठळक कारण दिसले. मुलींवर मात्र असा परिणाम आढळला नाही. आणि त्याच बापांची, पण युद्धापूर्वी जन्मलेली मुले ताडून पाहिली, तेव्हा बोजा नंतरच्या भावांवर पडल्याचे दिसले. बाप तोच, घर तेच. मध्ये फक्त अँडरसनव्हिल आले होते.

येथे एक शंका कोणाच्याही मनात यावी. हे कैदी आधीपासूनच दुबळे असतील, त्यांचेच दुबळेपण मुलांत उतरले असेल. परंतु एवढ्या हालांतून जगून बाहेर आलेला माणूस सरासरीपेक्षा काटकच असणार. त्याची मुले अधिक निकोप निघायला हवी होती. घरची सांपत्तिक स्थिती हे कारण म्हणावे, तर तिचाही विचार हिशेबात घेतला होता, आणि तेवढ्याने तफावत पुसली गेली नाही. अभ्यासकांचा तर्क असा की, बापाच्या शरीरातील जनुकांवर उपासमारीने आणि भयाने काही रासायनिक खुणा उमटल्या असाव्यात आणि त्या मुलग्यांपर्यंत पोहोचल्या असाव्यात. पण हा तर्कच आहे, हे विसरता कामा नये. त्या माणसांचे रक्त तपासायला आज कोणी जाऊ शकत नाही.

या संशोधनाचा ज्याला सर्वाधिक महत्त्व द्यायला हवे तो भाग पुढे आहे. ज्या मुलग्यांचा जन्म वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत झाला, त्यांच्यात बापाच्या कैदेचा परिणाम दिसलाच नाही. कारण सरळ आहे. त्यांच्या आयांचे गरोदरपणाचे शेवटचे महिने उन्हाळ्यात आणि सुगीत गेले होते. घरात धान्य, भाजीपाला, दूध मुबलक होते. हिवाळ्याच्या तुटीत ज्यांच्या आयांचे दिवस भरत आले, त्यांच्या वाट्याला बापाचे ऋण आले. म्हणजे बापाने तुरुंगात गमावलेले आईच्या ताटाने भरून काढले होते. छावणीने लिहिलेले पुसण्याची शक्ती कोबी, दूध आणि मक्याच्या भाकरीत होती, ही गोष्ट कोणत्याही तत्त्वचिंतनाहून अधिक दिलासा देणारी आहे.

मौनाचा वारसा

आघाताच्या वारशाची चर्चा लोकांपर्यंत पोहोचली ती मात्र यादवी युद्धामुळे नव्हे, तर हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या मुलांमुळे. माँट्रियल येथील मनोविकारतज्ज्ञ व्हिव्हियन राकॉफ यांनी १९६६ साली लिहिले की, अशा कुटुंबांतील मुले त्यांच्याकडे उपचारासाठी अपेक्षेपेक्षा अधिक संख्येने येत आहेत. १९७९ साली हेलन एपस्टाइन या पत्रकार स्त्रीचे या मुलांवरील पुस्तक निघाले. ती स्वतः अशाच आईबापांची मुलगी. ज्या गोष्टीला नाव नव्हते तिला त्या पुस्तकाने नाव दिले, म्हणून जगभर विखुरलेल्या असंख्य तरुणांना ते आपले वाटले.

या घरांतले चित्र समजून घेण्यासारखे आहे. आईबाप बोलत नाहीत, किंवा एकच प्रसंग पुन्हा पुन्हा बोलतात. पानात घास टाकणे हा अपराध ठरतो. मुलगा घरी यायला घटकाभर उशीर झाला की आईचा जीव कासावीस होतो. आपले दुःख त्यांच्यापुढे क्षुल्लक आहे, हे मूल फार लवकर शिकते आणि मग स्वतःचे दुःख सांगायचे सोडून देते. कित्येकदा लहान वयातच ते आईबापांचे आईबाप होते. यासाठी जनुकांची गरज नाही. लहानपणची वीस वर्षे आणि एक जेवणघर एवढे त्याला पुरेसे असते.

पण मोजमापाचा दंडक येथेही लावला पाहिजे. दवाखान्यात येणारी मुले पाहून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे इस्पितळाच्या दारात उभे राहून गावचे आरोग्य ठरवणे होय. २००३ साली नेदरलँड्स आणि इस्रायलमधील संशोधकांनी तोवर झालेल्या बत्तीस नमुन्यांचा, एकूण ४,४१८ व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेतला. उपचारासाठी न आलेल्या सर्वसामान्य कुटुंबांकडे पाहिले, तेव्हा दुसऱ्या पिढीत मानसिक व्याधींचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले नाही. महाभयंकर छळ सोसलेल्या बहुसंख्य आईबापांनी आपली मुले धडपणे वाढवली होती. उलट २०१६ साली रेचेल यहुदा यांच्या गटाने वाचलेले लोक आणि त्यांची मुले यांच्या एका जनुकावरील रासायनिक खुणांत संबंध दाखवला, तेव्हा आघात रक्तातून उतरतो असा गाजावाजा वृत्तपत्रांनी केला. त्या अभ्यासात वाचलेले बत्तीस आणि त्यांची मुले बावीस होती, ही गोष्ट मथळ्यांत बसत नाही. एवढ्याशा नमुन्यावर एवढी मोठी इमारत उभारणे कोणत्याही संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला खपू नये.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. आजोबांचे युद्ध तुझ्या पेशीपेशींत आहे असे एखाद्या विशीतल्या तरुणाला सांगणे म्हणजे त्याच्या कपाळावर सटवीचे लेखन नव्याने करणे होय. पूर्वी ते पाचव्या दिवशी होई. आता प्रयोगशाळेत होऊ लागेल, एवढेच. जे सिद्ध झाले आहे ते याहून पुष्कळ मर्यादित आणि पुष्कळ उपयोगी आहे. परिणाम असतो, तो लहान असतो, सर्वांवर होत नाही, आणि परिस्थिती बदलली तर टळतो.

डच हिवाळा आणि पुणे जिल्हा

आईच्या ताटाचा मुद्दा आणखी एका बाजूने तपासला गेला आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला मदत म्हणून हॉलंडमधील रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मन सत्ताधाऱ्यांनी सूड म्हणून देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नाची वाहतूक रोखली. पुढे बंदी सैल झाली, तोवर कालवे गोठले होते. शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली आला आणि फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस सहाशेच्याही खाली गेला. सुमारे वीस हजार माणसे मेली. मे महिन्यात मुक्तता झाली आणि शिधा झपाट्याने पूर्ववत झाला. सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा इतक्या स्पष्ट असलेला दुष्काळ इतिहासात विरळाच. शिवाय शिधावाटपाच्या आणि जन्माच्या नोंदी चोख होत्या. त्या हिवाळ्यात पोटात असलेली मुले मोठी झाल्यावर त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे, हृदयविकार आणि स्किझोफ्रेनिया यांचे प्रमाण अधिक आढळले. २००८ साली, म्हणजे साठ वर्षांनंतर, त्यांच्या रक्ताची तुलना त्याच आईबापांच्या दुष्काळाबाहेर जन्मलेल्या भावंडांशी केली, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावर वेगळ्या खुणा दिसल्या. गर्भारपणाच्या आरंभी ज्यांच्या आयांची उपासमार झाली, त्यांच्यात हा फरक होता. युद्धात एकही गोळी न पाहिलेल्या माणसांच्या अंगावर युद्धाची तारीख सापडली.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या आहारात अधिक, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली, असे त्यातून दिसले. तिथे युद्ध नव्हते. होती ती रोजची तूट आणि शेतातले कष्ट. पण जॉर्जियातील कैद्याच्या बायकोला सुगीने जे दिले, तेच पुणे जिल्ह्यातील शेतकरणीला पालेभाजीची जुडी देते, हे ध्यानात घेतले म्हणजे सैनिकाच्या मुलांचा प्रश्न अंगणवाडीपासून फार दूर नाही, हे पटते.

कुटचे शिपाई

आणि युद्धही आपल्यापासून दूर नव्हते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेली सहावी पलटण-तुकडी ‘पूना डिव्हिजन’ या नावाने ओळखली जाई. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ती डिसेंबर १९१५ मध्ये कुट-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शिधा घटत गेला, घोडे कापून खाण्याची वेळ आली. धर्म आणि जात यांच्या बंधनांमुळे बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले, आणि हिंदी तुकड्यांत स्कर्व्ही पसरला. अँडरसनव्हिलला जो रोग होता, तोच. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. वाळवंटातून पायपीट, मग अनातोलियाकडील रेल्वेच्या कामावर वेठ. त्यात हजारो मेले. टाउनशेंडसाहेब कैदेची वर्षे इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बऱ्यापैकी आरामात राहिले आणि नंतर त्यांनी आपल्या मोहिमेवर ग्रंथही लिहिला.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत जे शिपाई जिवंत परतले, त्यांनीही शेती केली, संसार केले. त्यांचे मुलगे किती वर्षे जगले? कशाने गेले? सुगीत जन्मलेले आणि चैत्र-वैशाखाच्या टंचाईत जन्मलेले यांच्यात काही भेद पडला काय? अमेरिकेत हे प्रश्न विचारता आले, कारण तिथल्या साध्या शिपायाचाही एक कागद होता. हे काम आपल्याकडे अशक्यच आहे असेही नाही. महायुद्धातील सुमारे ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांच्या गावनिहाय नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या २०२१ साली संगणकावर आणून खुल्या करण्यात आल्या, आणि इंग्लंडमधील नातवंडे-पणतवंडे त्यांत आपली गावे शोधू लागली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतील दप्तरे, पलटणींच्या कचेऱ्यांतील भरतीच्या नोंदी आणि गावोगावची जन्म-मृत्यूची पुस्तके एकत्र आणून दोन-तीन तालुक्यांपुरता प्रयत्न एखाद्या विद्यापीठाने केला, तर त्यासाठी फार मोठा खर्च येऊ नये. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय मिळत नाहीत ही तक्रार तरी त्यामुळे कमी होईल.

आजच्या सैनिकाविषयी तर दप्तराची सबब चालणार नाही. अपंगत्वाचे वेतन, विधवेचे वेतन, मुलांची शिष्यवृत्ती या सवलतींत सैनिकाचे कुटुंब हे मृत्यू वा दुखापत यांच्या निमित्ताने हिशेबात येते. जो धडधाकट परतला, पण रात्री झोपत नाही, दारू जवळ करतो, मुलावर कारण नसताना ओरडतो, त्याचे घर या हिशेबाबाहेर राहते. त्या घरातील गर्भवतीच्या आहाराची विचारपूस गावातील आरोग्यसेविकेला करता येते. त्या घरातील मूल वर्गात अचानक गप्प झाले, तर ते प्रथम शिक्षकाला दिसते. यातील एकाही गोष्टीसाठी जनुकांची तपासणी लागत नाही. लागते ती एवढीच समजूत की, सैनिकाची रजा संपली वा नोकरी संपली तरी त्याच्या घरातली रणभूमी लगेच मोडत नाही.

कुटच्या आणि एकूण मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या, ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा सैनिकांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभारण्यात आले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची स्मृती नोंदलेली आहे, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी आहेत. ब्रिटिश शिपायांची नावे दगडावर एकेक करून कोरली गेली. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावेही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला गेला. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये अशा भेदभावाबद्दल माफी मागितली आणि राहिलेली नावे शोधण्याचे काम हाती घेतले.